नखशिखांत नियोजन

डोंबिवलीतल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक नियोजनवाले काका असतात. उभी नोकरी फोर्टातल्या बँकेत, डोंबिवली फास्टमध्ये डबा ठरलेला, दरवाजा ठरलेला, आणि निवृत्तीनंतर सेक्रेटरीपद तर चालतच घरी आलेलं. १९९९ साली पाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली, तेव्हापासून फडके रोडवरची गर्दी आवरायला हे सर्वांत पुढे. अशा माणसाला घरातली चार किलोची ठमी आवरत नाही.

ठमी खरं तर लेकीची. लेक लग्न होऊन घोडबंदर रोडला गेली, जावयाला मांजराची ॲलर्जी निघाली आणि ठमी माहेरीच राहिली. सोफा फाटू लागला तसं काकांनी प्रकरण हातात घेतलं.

विषयाचा अभ्यास दांडगा. "पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण १८ नखं," हे पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावं लागतं. मुळाशी गुलाबी दिसतो तो जिवंत भाग, त्यात रक्तवाहिनी. त्याच्या अलीकडचं पांढरं टोक तेवढंच उडवायचं. वहीत आकृतीही आहे. पंजाची गादी हलकेच दाबली की नख आपोआप बाहेर येतं, असं काका सांगतात. येतं, फक्त त्यांच्या मनगटाच्या दिशेनं.

मुहूर्ताचा प्रश्न वेगळाच. शनिवारी नखं कापायची नाहीत आणि दिवेलागणीनंतर तर मुळीच नाही, हा आजींचा नियम ठमीलाही लागू. म्हणून रविवार, सकाळी दहा, पोहे झाल्यावर. टेबलावर मांजराचं नेलकटर, जुना टॉवेल आणि रक्त आलंच तर दाबायला कॉर्नफ्लॉअर. काकूंनी टॉवेल धरायचा, समोरच्या ब्लॉकमधल्या पोरानं बाल्कनीचं दार अडवायचं. काका टॉर्च घेऊन देखरेखीला.

ठमीचं नियोजन पावणेदहालाच सुरू होतं. कपाटातून टॉवेल निघाला, की ती माळ्यावर, पितळी पिंपामागे. तिथून तिला सुक्या बोंबलाच्या वासावर खाली आणावं लागतं. आजी तेवढा वेळ देवघराचं दार लावून बसतात.

मग काकू तिला गुंडाळतात. एक पंजा तेवढा बाहेर. "हं, दाबा! अहो, ते नाही, मधलं बोट!" ठमीचे कान मागे चिकटलेले, शेपटीचं टोक टॉवेलबाहेर डावी-उजवीकडे सपासप, आणि घशातून चढावर अडकलेल्या रिक्षासारखी घरघर. कट्! पांढरं टोक उडून सोफ्याखाली जातं. पुढच्या क्षणी काकूंच्या हातात नुसता टॉवेल, नेलकटर फ्रिजखाली, आणि दार अडवणारं पोर सगळ्यांत आधी दाराबाहेर.

काका मनगटाला डेटॉल लावतात आणि वहीत खूण करतात : पुढचा डावा, क्रमांक दोन, पूर्ण. दर रविवारी एक नख, या हिशेबानं एक फेरी १८ आठवड्यांची. डॉक्टर सांगतात, दोन-तीन आठवड्यांनी नखं बघा. म्हणजे शेवटच्या नखापर्यंत पोचेतो पहिलं केव्हाच सोफ्यात रुतलेलं असतं.

"अहो, कल्याणचा पत्रीपूलसुद्धा २०१८ ला पाडून २०२१ ला नवा झाला," काकू सोफ्यावर चादर टाकत म्हणतात. "तुमचं कधी होणार?"

काका वही मिटतात. "पूल माळ्यावर पळत नव्हता."