मिशिगनचे धारकरी

सप्टेंबरात लेकीकडे मिशिगनला असलो की संध्याकाळी शेजारच्या गॅरेजातून खर्र खर्र ऐकू येतं. विळी-कात्रीवाला सायकल मारत इथवर पोचला की काय, म्हणून पहिल्या वर्षी मी डोकावलो. आत साठीतले एक गृहस्थ कानशीवर बाणाचा फाळ घासत होते. काय चाललंय विचारल्यावर त्यांनी नुसता डावा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत! उजवा मात्र अस्वलाचा. धार लागली की नाही, हे धनुष्यबाणाने शिकार करणारी ही मंडळी स्वतःच्या हातावरचे केस भादरून बघतात.

चाकं-कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्याचं नाव काढलं की ते पाट्यावर वाटणाऱ्या सासूने मिक्सरकडे बघावं तसे बघतात. यांचा लाकडी लाँगबो. फाळ १२५ ग्रेनचा, म्हणजे तोळाभरसुद्धा नाही. पण त्यावर तीन संध्याकाळी जातात. तीन पात्यांचा फाळ सपाट कानशीवर ठेवला की दोन कडा एकदम घासल्या जातात, म्हणून तो यांना फुकटचा वाटतो. दोन पात्यांचाच हवा. कडेला मार्करने काळं फासायचं, कानस फिरवायची, शाई कुठे उरली ते बघायचं. कोन जरा हलला की पुन्हा श्रीगणेशा. मग कडेवर आलेली खरखर बोटाने चाचपून ती चामड्याच्या पट्ट्यावर उतरवायची.

एवढा खटाटोप कशाला? तर बाणाने जनावर मरतं ते रक्तस्रावाने. धार बोथट असली तर त्याचे हाल होतात. हे सांगताना ते कानस खाली ठेवतात. इथे मलाही थट्टा सुचत नाही.

मग गप्पांत इशी येतो. कॅलिफोर्नियाचा हा आदिवासी १९१६ साली वारला. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेल्या डॉ. सॅक्स्टन पोप यांचं पुस्तक १९२३ साली आलं. आपले ज्ञानोबा-तुकोबा, तसे यांचे इशी-पोप. 'इशी तर दगडाचे नि काचेचे फाळ घडवायचा, त्याला कुठली कानस?' असं मी एकदा बोलून गेलो. दोन दिवस गॅरेजचं दार बंद होतं.

१ ऑक्टोबरला मोसम उघडतो, ती यांची आषाढी. पहाटे मचाणावर चढायचं. हरीण वीस यार्डांच्या आत आल्याशिवाय बाण सोडायचा नाही, हा नेम; आणि हरणाचा नेम तिसाच्या आत न येण्याचा. संध्याकाळी स्वारी रिकाम्या हाताने परत, आणि 'दवाने धार गेली' म्हणत पुन्हा खर्र खर्र.

यंदा बायकोने त्यांच्याकडे विळी सोपवली. पातं वाकडं, त्यामुळे कोन कुठला धरावा या चिंतेत त्यांचा आठवडा गेला. विळी परत आली ती बँडेजच्या डबीसकट. आमच्याकडे भेंडी अजून सुरीनेच चिरतात.