दोस्त सरकारांची भीड

द्राक्षे, चिवडा आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांच्यापलीकडे नाशिकने जगाला काय दिले, असा प्रश्न पुण्याकडचे पाहुणे गोदाघाटावर पाय धुता धुता अधूनमधून टाकतात. त्यांना द्यावयाचे एक सणसणीत उत्तर आमच्या संग्रही असूनही नाशिककरांच्या अंगभूत विनयामुळे (हा गुण आमच्यात आहे हे आम्हीच सांगितले पाहिजे, कारण दुसरे कोणी सांगत नाही) ते वापरले जात नाही. ते उत्तर असे की, परक्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या राजकीय कैद्यावरून दोन दोस्त सरकारांत वाद उत्पन्न झाला असता, दोघांचीही अब्रू शाबूत राखून कैद्याची वासलात कशी लावावी, याचा जो वस्तुपाठ हेगच्या लवाद न्यायालयाने १९११ साली घालून दिला, त्याच्या मथळ्यावर नाशिकजवळच्या भगूरच्या एका मनुष्याचे नाव आहे.

विनायक दामोदर सावरकर यांच्या उत्तरायुष्यातील राजकारणाविषयी आमच्या शहरातील प्रत्येक चौकात दोन मते आहेत आणि ती दोन्ही एकाच वेळी, चढ्या आवाजात मांडली जातात. त्यात आणखी एका आवाजाची भर घालण्याचे आम्हांला प्रयोजन नाही. आम्हांला कौतुक आहे ते दप्तराचे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या, पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोहोचला, १३ मार्च १९१० रोजी सावरकर व्हिक्टोरिया स्थानकावर पकडले गेले आणि ‘मोरिया’ नामक आगबोटीतून त्यांची हिंदुस्थानाकडे रवानगी झाली, एवढा भाग शाळेतली मुलेही घडाघडा म्हणून दाखवितात. मुलांना जे कोणी शिकवीत नाही ते हे की, २९ जून रोजीच लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसच्या पोलीसखात्याला पत्र धाडून सदरहू इसम मार्सेय बंदरावरून जाणार असल्याची वर्दी दिली होती, ४ जुलै रोजी फ्रेंच गृहखात्याची तार बंदराच्या प्रांताधिकाऱ्याकडे गेली होती, आणि इसमाच्या मुक्कामात काही विपरीत घडू नये म्हणून योग्य ती तजवीज केली आहे, असे पॅरिसचे अदबशीर उत्तर लंडनला लिहिले गेले ते ९ जुलै रोजी. इसमाने समुद्रात उडी घेतली होती ती आदल्या दिवशी सकाळी.

त्या सकाळचा खरा नायक कोण, याविषयी आमचे मत लोकमताहून थोडे निराळे आहे. बोटीच्या गवाक्षातून जवळजवळ उघड्या अंगाने एक मनुष्य पाण्यात पडतो, पोहत धक्क्याला लागतो, मागून बोटीवरचे लोक हातवारे करीत धावतात, धक्क्यावरचा जमाव ‘पकडा, पकडा’ म्हणून ओरडतो, आणि फ्रेंच किनारी पोलिसांतला एक अंमलदार, आपण कोणाच्या मागे धावतो आहोत याची सुतराम कल्पना नसताना, सुमारे पाचशे मीटर धावून त्याला गाठतो व बोटीवरचा एक खलाशी आणि हिंदी पोलिसांपैकी दोन शिपाई यांच्या साहाय्याने बोटीवर परत नेऊन पोचवितो. हा कोणी गुन्हा करून पळालेला खलाशी असावा असे आपणांस वाटले, अशी त्याची जबानी आहे. फ्रान्सच्या सार्वभौमत्वाला बखोटीला धरून इंग्रजांच्या आगबोटीवर जमा करणारा असा निरागस सेवक त्या प्रजासत्ताकाच्या इतिहासात दुसरा नसावा. त्याने पावती मागितल्याचे मात्र दिसत नाही. बोट दुसऱ्या दिवशी सुटली.

यानंतर पॅरिसमध्ये गलका झाला. मादाम कामा आदी हिंदी मंडळी होतीच. शिवाय जाँ जोरेस यांचे ‘ल्युमानिते’ पत्र आणि त्यात लिहिणारे, कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी, फ्रान्सच्या भूमीवर उतरलेल्या राजकीय कैद्याचा आश्रयाचा हक्क आपल्याच पोलिसाने विकला, असा आरोप मांडला. तेव्हा फ्रेंच सरकारास आपले एक तत्त्व हरवल्याची जाणीव होऊन त्याने इंग्रज सरकाराकडे कैदी परत मागितला. आता ही दोन सरकारे म्हणजे १९०४ च्या सलोख्याने बांधलेले जिवलग. इजिप्तमध्ये तुम्ही काय करता ते आम्ही पाहणार नाही, मोरोक्कोत आम्ही काय करतो ते तुम्ही पाहू नये, हा त्या सलोख्याचा गाभा, आणि बर्लिनच्या कैसरवर डोळा ठेवण्याच्या कामी दोघांनाही एकमेकांची गरज. अशा स्नेह्याकडे तगादा लावायचा तो किती? तेव्हा ऑक्टोबर १९१० मध्ये उभयतांनी करार करून प्रकरण हेगच्या पंचांकडे सोपविले. पंच पाच, अध्यक्ष बेल्जियमचे बेर्नार्ट व फ्रान्सचे रेनो हे दोघे तर नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी, इंग्रजांकडून अर्ल ऑफ डेसार्ट, उरलेल्यांपैकी एक नॉर्वेचा व एक हॉलंडचा. ज्याच्या हक्काविषयी हा कज्जा होता तो पक्षकार नव्हता. तो मुंबईस विशेष न्यायासनापुढे उभा होता, आणि मुंबईने हेगची वाट पाहिली नाही. २४ डिसेंबर १९१० रोजी पहिली जन्मठेप आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी, अशी पन्नास वर्षांची भरती पुरी झाल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यास हेगच्या पंचांनी कैदी परत द्यावा की न द्यावा, या प्रश्नाचा गांभीर्याने विचार आरंभिला.

२४ फेब्रुवारीचा तो निवाडा प्रत्येक राजदूताने उशाखाली ठेवावा असा आहे. बळजबरी नव्हती, कपट नव्हते, सर्वांची वर्तणूक सद्‌भावाची होती. पकडून हवाली करण्यात अनियमितपणा घडला खरा, परंतु परराष्ट्राच्या नोकराने केलेल्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्याचे बंधन घालणारा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. म्हणजे तुमच्या गड्याने चुकून आमच्या गोठ्यात बांधलेले वासरू, चूक झाली हे मान्य करूनही, आम्ही पाळावे. असा फैसला आमच्याकडच्या एखाद्या गावपंचायतीने दिला असता तर पंचांना पुढची निवडणूक जड गेली असती. पाठोपाठ तीन दिवसांनी फ्रेंच पंतप्रधान ब्रियाँ यांनी राजीनामा दिला, आणि तो सावरकरांमुळेच, अशी एक आख्यायिका आमच्या जुन्या वाड्यांतून ऐकू येई. त्याची कारणे फ्रान्सच्या अंतर्गत भांडणांत होती, पण ज्या गावाचा माणूस अंदमानात गेला त्या गावाने निदान एक मंत्रिमंडळ पाडल्याचे समाधान मानले, तर त्यावर आम्ही हरकत घेणार नाही.

इंग्रज-फ्रेंचांची हीच जोडी पन्नास वर्षांनी पुन्हा एकत्र आली आणि या वेळी मात्र तिने कमालीची तत्परता दाखविली. १८ डिसेंबर १९६१ रोजी हिंदी फौजा गोव्यात शिरल्या, त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका व तुर्कस्तान या चार दोस्तांनी मिळून, भारताने तत्काळ माघार घ्यावी, असा ठराव आणला; सात मते पडली, सोव्हिएट नकाराधिकाराने तो बारगळला. चौघांच्या एकदिलाचे रहस्य असे की गोव्याचा धनी, हुकूमशहा सालाझारांचा पोर्तुगाल, या चौघांच्याच नाटो संघटनेचा संस्थापक सभासद होता. त्याच सालाझारशाहीने १९५५ मध्ये निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या, नानासाहेब गोरे आदींना आग्वादच्या किल्ल्यात डांबले, तेव्हा असा चौपदरी ठराव कोणास सुचला नव्हता. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे यांना तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटावयास १९६९ उजाडावे लागले. त्यांच्यासाठी मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी रदबदलीचे साकडे घातले ते कोणा दोस्त सरकारास नव्हे, पोप सहावे पॉल यांना.

अलीकडे दोस्तांची भीड राखण्याची ही कला पुष्कळ सुधारली आहे. २२ मार्च २०२१ रोजी युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी शिनज्यांगमधील उइगुरांच्या छळाबद्दल मूठभर चिनी अधिकाऱ्यांवर एकाच दिवशी निर्बंध जाहीर केले. छळ खरा होता, निर्बंध रास्त होते, आणि चीन कोणाचाच दोस्त नव्हता. या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिल्या दोहोंहून किती अधिक, हे जाणण्यास हेगला जाण्याची आवश्यकता नाही. आमच्या सरकारनेही या विद्येत गती मिळविली आहे. श्रीलंकेतील तमिळांच्या हत्यांबाबत जिनीव्हाच्या मानवाधिकार परिषदेत २०१२ व २०१३ साली आपण ठरावाच्या बाजूने हात वर केला, २०१४ साली तोच हात खिशात ठेवला. दरम्यान नाशिक जिल्ह्याचा कांदा कोलंबोस जातच होता. खलित्यांनी जे साधत नाही ते कांदा साधतो, याचा प्रत्यय २०१९ च्या सप्टेंबरात निर्यातबंदी होताच आला. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, स्वयंपाक्याला कांदा वर्ज्य करण्यास सांगितल्याचे हसत हसत, पण हिंदीत, म्हणजे नेमके समजेल अशा रीतीने सुनावले. जिनीव्हातील कोणत्याही मतदानाची लासलगावच्या बाजार समितीत चर्चा झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ढाक्याच्या आणि कोलंबोच्या भावाची रोज होते.