इथे कोणी येणारच नाही म्हणे

कोड रिव्ह्यूत एक वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं: “अहो, इथे कंट्रोल येणारच नाही.” तेवढ्या भरवशावर लोक डिफॉल्टखाली ‘बिल्टिन अनरीचेबल’ लिहून मोकळे होतात.

आमच्या कोडमध्ये पॅकेटच्या सहा प्रकारांसाठी एक स्विच होता. सहा केसेस आणि डिफॉल्टला अनरीचेबल. दोन वर्षांनी इनममध्ये सातवा प्रकार आला. स्विचकडे कुणी फिरकलं नाही. प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळायला लागला. अडीच दिवस घालवून शेवटी डिसअसेंबली उघडली. जंप टेबलाच्या आधी एरवी सीएमपी आणि जेए ही जोडी असते: आकडा टेबलाबाहेरचा असेल तर डिफॉल्टकडे वळायचं. ती जोडीच तिथे नव्हती. टेबलापलीकडे जे काही पडलं होतं, तोच पत्ता समजून प्रोसेसरने उडी मारली होती.

यात कंपायलरला बोल लावता येत नाही. आपणच त्याला शब्द दिला होता. जीसीसीत असा शब्द देण्याची सोय ४.५ पासून, म्हणजे २०१० पासून आहे. पुढे सी २३ आणि सी++ २३ या प्रमाणांतही ती आली. ‘इथे येऊ नये’ असं आपल्या मनात असतं, कंपायलर मात्र ‘इथे येणं अशक्य’ असं वाचतो आणि तपासणी काढून टाकतो. रस्टमध्ये हे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत: साधा अनरीचेबल मॅक्रो पॅनिक करतो; बिनतपासणीचा हवा असेल तर अनसेफ लिहून जबाबदारी घ्यावी लागते.

मला जास्त सलतं ते डिफॉल्ट. ते नसतं, तर ‘डब्ल्यू-ऑल’ लावल्यावर कंपायलरनेच सांगितलं असतं की सातव्या प्रकाराची केस राहिली आहे. आपण डिफॉल्ट लिहून त्याचंच तोंड बंद केलं.

आता आम्ही डिफॉल्ट काढलं. प्रत्येक केस रिटर्न करते, आणि स्विच संपल्यावर आमचा मॅक्रो येतो: डीबगमध्ये अबॉर्ट, रिलीजमध्ये अनरीचेबल, तोही मोजून फरक दिसला तरच. गेल्या महिन्यात आठवा प्रकार आला. बिल्ड करतानाच वॉर्निंग आली आणि दहा मिनिटांत केस लिहून झाली.