बॅकअप? आहे की!

बॅकअप आहे का, असं विचारा. उत्तर कायम ‘आहे की!’ तो परत मिळतो का, असं विचारणारा आगाऊ ठरतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या अभियंत्यानं भलत्याच सर्व्हरवर डिलीट चालवलं. हात आवरेपर्यंत सुमारे ३१० जीबी डेटापैकी साडेचार उरले. बॅकअपच्या तऱ्हा पाच, ऐनवेळी धड एकही नाही. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअपचं साधन ९.२ चं, म्हणून रोज नापास. तसं कळवणारी ईमेल निघायची, पण तिच्यावर रीतसर सही नाही म्हणून दारातूनच परत! अगदी सरकारी खाक्या. तारलं ते कुणीतरी चाचणीसाठी सहा तास आधी सहज घेतलेल्या स्नॅपशॉटनं. तोही पडला मंद डिस्कवर. नुसता उचलून आणायला जवळजवळ १८ तास.