टिकतो किती?

मराठी माणूस परफ्यूमच्या दुकानात शिरला की त्याला एकच प्रश्न पडतो : टिकतो किती? वास कसा आहे, हे नंतर. मनगट नाकाशी नेण्याआधीच तो विचारतो, "किती तास जाईल?" साडीचा रंग, चपलेचा तळ आणि पाहुण्यांचा मुक्काम यांच्या बाबतीत आपण जी चौकशी करतो तीच इथेही करतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. चार हजार रुपये मोजायचे आणि ते दुपारच्या जेवणाआधी हवेत विरायचे, हे आपल्या रक्तातच नाही.

आमचे भावोजी या विषयातले अधिकारी. बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी भाच्याने दुबईहून दोन बाटल्या आणल्या. एकीवर ईडीटी, म्हणजे ओ द त्वालेत. दुसरीवर ईडीपी, म्हणजे ओ द पार्फम. भावोजींनी जुन्या डायरीत रकाने आखले. सकाळी फवारा मारायचा आणि दर तासाला ताईपुढे मनगट धरायचं. "येतोय का?" कणीक मळता मळता ताई मान पुढे करायची, "येतोय." लगेच नोंद. दुपारी ती जरा आडवी झाली तरी मनगट उशाशी हजर. संध्याकाळी मालिका ऐन रंगात आली असताना तिने न हुंगताच "येतोय हो, येतोय" म्हणून टाकलं, आणि ईडीपीच्या नावावर अकरा तासांचा विक्रम लागला.

ताईची साक्ष काढावी लागते, कारण या कामात स्वतःचं नाक फितूर असतं. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. लावणाऱ्याला वाटतं, उडाला. मग तो आणखी दोन फवारे मारतो आणि मगच लिफ्टमध्ये शिरतो. सहाव्या मजल्याचे लोक तिसऱ्यावर उतरून जिन्याने जातात, याला व्यायामाची आवड म्हणत नाहीत.

आता बाटलीवरच्या फ्रेंच अक्षरांचा अर्थ. परफ्यूम म्हणजे सुगंधी अर्क, अल्कोहोल आणि थोडं पाणी. अर्काचं प्रमाण किती, त्यावर नाव ठरतं. पार्फम किंवा एक्स्ट्रे म्हणजे साधारण २० ते ३० टक्के, ईडीपी १५ ते २०, ईडीटी ५ ते १५, आणि कोलन २ ते ४. ढोबळमानाने त्याच क्रमाने ते टिकतात : कोलन दोनेक तास, ईडीटी तीन ते पाच, ईडीपी सहा-आठ, एक्स्ट्रे त्याहून जास्त. 'ढोबळमानाने' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दुधातल्या फॅटसारखं इथे कायद्याने ठरलेलं काही नाही. एका कंपनीची ईडीटी दुसरीच्या ईडीपीला भारी पडू शकते. शिवाय ईडीपी म्हणजे तीच ईडीटी, फक्त घट्ट केलेली, असंही नसतं. शनेल नंबर पाचचा मूळ पार्फम एर्नेस्ट बो यांनी १९२१मध्ये केला, आणि त्याची ईडीपी झाक पोल्झ यांनी १९८६मध्ये नव्याने बेतली. नाव एकच, पण हात वेगळे आणि काळही वेगळा. 'इंटेन्स', 'एलिक्सिर', 'अब्सोल्यु' हे शब्द दिसले तर ते टक्क्यांऐवजी किमतीकडे बघून वाचावेत.

यातल्या सगळ्यात अशक्त गड्याशी, कोलनशी, आपली ओळख मात्र जुनी. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली फारिना नावाच्या इटालियन कुटुंबाने धंदा सुरू केला आणि त्यांच्या योहान मारिया फारिनाने लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांचं हे हलकं पाणी प्रसिद्धीला आणलं. इटलीतल्या वसंतातल्या सकाळची आठवण यावी असा वास आपण केला आहे, असं त्याने भावाला पत्रात कळवलं होतं. पुढे नेपोलियन हे पाणी सढळ हाताने अंगावर ओतायचा. ओतणारच, दोन-चार टक्क्यांचा माल, टिकणार किती? आमच्या भावोजींनी त्याला वेळीच हिशेब मांडून दिला असता.

आपल्याकडे हेच पाणी युडीकोलन या नावाने आलं आणि थेट औषधाच्या कपाटात गेलं. ताप चढला की आई वाटीत गार पाणी घ्यायची, त्यात युडीकोलनचे चार थेंब टाकायची आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्याची घडी त्यात बुडवून कपाळावर ठेवायची. युरोपातल्या सरदारांनी ज्याच्यासाठी खजिना रिकामा केला, ते आपण मलेरियाला वापरलं. पण त्या घडीत परफ्यूमचं अख्खं शास्त्र होतं. अल्कोहोल झपाट्याने उडतं, उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं, म्हणून कपाळ गार पडतं. आणि उडताना सुगंधालाही सोबत नेतं, म्हणून सगळ्या खोलीला कळतं की आत कुणीतरी आजारी आहे.

इथेच भावोजींचं गणित चुकतं. टक्के जास्त म्हणजे वास जास्त लांब जातो, असं त्यांनी धरलं होतं. ते तसं नसतं. अल्कोहोल हा हमाल आहे. सुगंधाचं गाठोडं उचलून चारचौघांत नेऊन टाकणं हे त्याचं काम. हमाल जास्त तितका गाजावाजा जास्त. म्हणून ईडीटी पहिला अर्धा तास दणकून बोलते आणि मग गप्प होते, तर एक्स्ट्रे अंगाजवळच रेंगाळतो, पण रात्री जेवायला बसेपर्यंत असतो.

खात्री करायची तर मुंबईत मोहम्मद अली रोडवर अत्तरवाल्याकडे जावं. अत्तरात अल्कोहोलच नसतं. अत्तराच्या माहेरी, कनौजमध्ये, तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात, आणि वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बसवलेल्या भपक्यात उतरवतात. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते सुगंध पिऊन घेतं. चंदन महाग झाल्यापासून त्याच्या जागी पुष्कळदा पॅराफिन येतं, त्यामुळे भाव विचारताना 'बेस कशाचा?' हेही विचारावं. दुकानदार बुचाच्या काचेच्या काडीने हाताच्या पाठीवर इवलीशी रेघ ओढतो. सगळं तेलच, अल्कोहोलचा एक थेंबही नाही, म्हणून हात नाकाशी नेल्याशिवाय पत्ता लागत नाही. दिवाळीत कानाच्या पाळीत खोचलेला हिन्याचा फाया कानशिलाच्या उबेने दिवसभर हळूहळू उलगडतो, तो यामुळेच. हिना, शमामा थंडीतले; उन्हाळ्यात वाळा आणि मोगरा. ऋतू बघून दम ठरवण्याची ही रीत मॉलमधल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा मला जास्त पटते. अत्तरवाल्याकडे मातीचं अत्तरही मिळतं, पहिल्या पावसाच्या वासाचं. ते घ्यायला कुणी जूनमध्ये जाऊ नये, तेव्हा बाहेर फुकट असतं.

मॉलमध्ये मात्र घाईचा कारभार. काउंटरवरची मुलगी कागदाच्या पट्टीवर फवारा मारून म्हणते, "सर, खूप लाँग लास्टिंग आहे." पट्टीला अंग नसतं, घाम नसतो. आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जो येतो तो लिंबाबिंबाचा, मुळात पळपुटा वास. त्यावर भाळून बाटली घेणं म्हणजे नुसत्या फोटोवर लग्न ठरवणं. मनगटावर मारून घ्यावा, मनगटं एकमेकांवर घासू नयेत, खाली जाऊन चहा प्यावा, थोडं चालावं. तासाभराने जो उरेल त्याच्याशी आपल्याला संसार करायचा असतो. त्वचा कोरडी असेल तर तो संसार लवकर आटोपतो. आधी थोडं खोबरेल लावलेलं बरं.

निवड करताना मी घड्याळाऐवजी अंतर बघतो. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलला चढणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या नाकामध्ये चार बोटंसुद्धा जागा नसते. तिथे कोलनचा एक फवारा हा नागरिकशास्त्राचा भाग आहे. बंद एसीच्या ऑफिसात ईडीटी, तीही कॉलरच्या आत. ईडीपी संध्याकाळच्या रिसेप्शनला, दोन फवारे, आणि पैठणीवर कदापि नाही, डाग पडतो. एक्स्ट्रे ज्याला मिठी मारणार आहोत त्याच्यासाठी. मराठी घरात त्यामुळे तो बराच पुरतो.

भावोजींनी अखेर तासाचा दर काढून एक्स्ट्रेच मागवला. ऊन, उष्णता आणि बाथरूमची दमट हवा यांनी परफ्यूम बिघडतो, तो अंधारात आणि गारव्यात ठेवावा, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ताईला वाचून दाखवलं. तिने बाटली तत्परतेने गोदरेजच्या कपाटात, शालूच्या खाली ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. परवा एका मुंजीला निघताना भावोजींनी ती मागितली. ताईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"मुंजीला? पावडर लावा."