थार, ट्रॅक्टर आणि पुन्हा लागलेली कुस्ती

दोन माजी विजेत्यांची पुन्हा लागलेली लढत हा वजनदार गड्यांच्या खेळातला सर्वांत गाजणारा आणि बहुधा सर्वांत कमी उपयोगाचा प्रकार आहे. किताब पणाला नसतो; तो तिसऱ्याच्या घरी असतो. 28 जानेवारी 1974 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझिअर दुसऱ्यांदा समोरासमोर आले, तेव्हा जगज्जेता जॉर्ज फोरमन होता. दोघांनी काही दिवस आधी दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतच एकमेकांना धरले, त्याबद्दल दोघांना दंडही झाला. प्रत्यक्ष लढत अलीने गुणांवर जिंकली.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर-दौंड भागात मुष्टियुद्धाला गिऱ्हाईक नाही. ठोशाची हौस बांधाच्या भांडणात आणि सोसायटीच्या निवडणुकीत भागते. खेळ म्हणून मान कुस्तीला. तिथल्या जाणत्यांना माजी विजेत्यांची लढत विचारली, तर शिवराज राक्षे आणि हर्षवर्धन सदगीर ही नावे निघणारच. राक्षे राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा, म्हणजे शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्याचा. सदगीर अकोले तालुक्याचा. दोघेही पुण्यात काका पवारांचे पठ्ठे. सदगीर जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरी झाला, तोही त्याच तालमीच्या शैलेश शेळकेला हरवून. आणि जिंकल्यावर त्याने हरलेल्यालाच खांद्यावर घेतले. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे अंतिम फेरीत आले की वस्तादाने कोणत्या बाजूला बसावे, हा प्रश्न कुस्तीच्या कोणत्याच नियमावलीत सुटलेला नाही.

जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला गादी विभागात राक्षेने सदगीरला हरवले आणि पुढे महेंद्र गायकवाडला हरवून किताब घेतला. तो वर्षभरही टिकला नाही. नोव्हेंबरमध्ये फुलगावला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. फुलगावहून नगर रस्त्याने भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो, त्यामुळे तिकडच्या शौकिनांना हे मैदान घरचेच. ज्यांनी आधी मोबाइल काढून मग कॅमेरा शोधला, त्यांच्याकडे विजयाच्या मिरवणुकीचे चित्रण तेवढे उत्तम आहे. विजेत्याला थार गाडी, उपविजेत्याला ट्रॅक्टर, अशी बक्षिसे होती. पाटस, न्हावरे, आलेगाव अशा कारखान्यांच्या टापूत ऊस लावणारा माणूस या निकालाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो: थारमध्ये ऊस मावत नाही.

त्याच महिन्यात धाराशिवला कुस्तीच्याच दुसऱ्या, प्रतिस्पर्धी संघटनेने आपली महाराष्ट्र केसरी भरवली. अंतिम फेरीत पुन्हा राक्षे आणि सदगीर, आता दोघेही माजी. राक्षे जिंकला आणि परत महाराष्ट्र केसरी झाला. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी, हे ऐकून काहींनी कपाळाला हात लावला. पण मुष्टियुद्धात जागतिक किताब देणाऱ्या मोठ्या संघटनाच चार आहेत, तेव्हा महाराष्ट्राला अजून वाव आहे.

गावच्या जत्रेत माजी विजेत्यांच्या लढतीचा हा प्रकार वेगळ्या तऱ्हेने चालतो. दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी आखाडा सुरू होतो, इनाम शंभरांतून हजारांत चढत जाते आणि शेवटची, लाखाच्या घरातली कुस्ती आधीच नेमलेली असते. जोड ठरवणे हे जत्रा कमिटीचे काम. हँडबिलावर दोन्ही मल्लांचे फोटो, त्यांच्याहून मोठे देणगीदारांचे फोटो, मध्ये बारीकसा ‘विरुद्ध’. मल्लाच्या नावाआधी ‘माजी’ कधीच छापत नाहीत. सरपंच पाच वर्षांत माजी होतो. महाराष्ट्र केसरी मरेपर्यंत महाराष्ट्र केसरीच.

हलगी कडाडते, शड्डू ठोकले जातात, सलामी होते आणि खडाखडी सुरू होते. शंभर किलोंच्या वरचे, एकमेकांचा प्रत्येक डाव पाठ असलेले दोन गडी मानेवर हात टाकून फिरत राहतात. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक ‘घिस्सा मार’, ‘पट काढ’ असा सल्ला देतात. दहा मिनिटांनी तेच लोक ‘मिलीजुली आहे’ म्हणू लागतात, आणि दोघे एकाच तालमीचे निघाले तर त्यांना पुराव्याचीही गरज उरत नाही. सर्वांत मोठ्याने ओरडणारा बहुधा आयुष्यात रेवडीच्या पुढे गेलेला नसतो. पंच वेळ वाढवून देतात, मग गुणांवर निकाल लावतो म्हणतात. त्याला मैदान तयार नसते, कारण पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्ती झाली असे या भागात कुणी धरत नाही. अंधार पडतो, फ्लडलाइट लागतात, माइकवाला उरलेले देणगीदार वाचून घेतो. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली, तर इनाम निम्मे-निम्मे वाटले जाते, दोघांना फेटे बांधले जातात, आणि शेजारच्या गावची कमिटी तिथेच, मातीच्या कडेला उभी राहून, पुढच्या आठवड्यासाठी हीच जोड ठरवून टाकते. हँडबिलावर एक ओळ वाढवून: ‘निकाली कुस्ती’.