मोकळेकाका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक चेअरमन असतो, पाण्याच्या टाकीवरून भांडणारा एक सभासद असतो आणि एक मोकळेकाका असतात. चेअरमनची मुदत संपते, टाकी दुरुस्त होते. मोकळेकाका कायम राहतात. त्यांचं कागदोपत्री आडनाव काहीही असो, 'घर कसं मोकळं हवं' हे पालुपद तोंडात बसलं की माणूस मोकळेकाका झाला असं समजावं. आमच्याकडे कोथरूडला दर विंगमध्ये एक निघतो. मुंबईत हे प्रमाण कमी. तिथे घर मोकळं व्हावं म्हणून माणसंच सकाळी लोकलने बाहेर पडतात.

नोकरीत असेपर्यंत या गृहस्थांना घरात कुठल्या कपाटात काय आहे याची गंधवार्ता नसते. बनियन मिळतो तो खण आणि चहा येतो ती दिशा, एवढाच त्यांचा घराचा भूगोल. निवृत्तीनंतर पेपर दोनदा वाचूनही दहाच वाजतात, तेव्हा ते घराच्या पाहणी दौऱ्यावर निघतात आणि हादरतात.

"अगं, आपल्याकडे सात गाळण्या आहेत!"

"संक्रांतीची वाणं," काकू सांगतात.

"आणि हे तीन लेमन सेट?"

"दोन आपल्या लग्नातले. तिसरा आपण कुणालातरी दिलेला, तो फिरून परत आला."

त्याच रात्री न्यू जर्सीच्या मुलीशी बोलताना विषय निघतो आणि ती मेरी कोंडोचं नाव सांगते. ही जपानी बाई 1 जानेवारी 2019 ला नेटफ्लिक्सवर आली आणि जगभरच्या कपाटांना धडकी भरली. तिची पद्धत सोपी. वस्तू हातात घ्यायची आणि ती आपल्याला आनंद देते का, हे स्वतःला विचारायचं. देत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. क्रमही ठरलेला: आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ सामान आणि आठवणींच्या वस्तू शेवटी. काकांना हा क्रम एकदम पटतो, कारण कपड्यांचं कपाट काकूंचं असतं.

दुसऱ्या दिवशी काका पलंगावर साड्यांचा ढीग घालून बसतात. "ही तुला आनंद देते का?"

"ती तुमच्या बहिणीने दिलीय."

उत्तर पुरेसं स्पष्ट असूनही साडी कपाटात परत जाते. नणंद दिवाळीला येणार असते. दुपारी काका स्वयंपाकघरात शिरतात आणि कुकर हातात घेऊन तोच प्रश्न विचारतात. "आनंद देत नाही, भात देतो. ठेवा खाली," असं म्हणून काकू त्या खात्यातली चौकशी बंद करतात.

साधेपणाला सामान फार लागतं, हे काकांना लवकरच कळतं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून पारदर्शक डबे येतात. डब्यांवर चिकटवायला लेबलं येतात, लेबलांवर लिहायला न पुसणारं पेन येतं आणि माळ्यापर्यंत हात पोचावा म्हणून घडीची शिडी येते. ती घडी घातल्यावर कुठे ठेवायची हा प्रश्न नंतर सुचतो. तूर्त ती दारामागे उभी असते आणि दार उघडताना पाहुण्यांचं स्वागत करते. दोन आठवड्यांनी घरातली अडगळ तेवढीच असते. फक्त तिला झाकणं आलेली असतात.

मग सुरू होतं वाटप. मोकळेकाकांना वस्तू टाकवत नाही, म्हणून ते तिच्यासाठी 'योग्य घर' शोधतात. योग्य घर म्हणजे समोरचं. भाता फाटलेली पेटी, टॉवेल वाळत घालून गंजलेली व्यायामाची सायकल, मासे मेल्यावर कांदेबटाटे ठेवायला काढलेली काचेची टाकी आणि मिक्सर गेल्यावर मागे राहिलेली तीन भांडी, असा ऐवज घेऊन ते मजलामजला हिंडतात. "वहिनी, तुमच्या उपयोगाची एक वस्तू आणलीय," हे वाक्य जिन्यात ऐकू आलं की भरदुपारी घराघरांतले दिवे जातात आणि टीव्हीचे आवाज बंद होतात. घरात माणसं असूनही आमची सोसायटी इतकी शांत एरवी कधी नसते.

काकांना ठाम उत्तर मिळतं ते त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडून. काका त्यांना सोफा देऊ करतात. फुकट! मावशी म्हणतात, "काका, माझी खोली दहा बाय बाराची. तुमचा सोफा ठेवल्यावर आम्ही बसायचं कुठं?"

"सोफ्यावर," काका म्हणतात.

मावशी काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी भांड्यांचा आवाज जरा जास्त होतो. मोकळेकाकांचा हा समज फार जुना आहे: ज्याच्याकडे जागा कमी, त्याला सामानाची गरज जास्त.

एवढं सगळं होईपर्यंत एका कपाटाला हात लागलेला नसतो. ते काकांचं. एक दिवस काकू शांतपणे ते उघडतात. आत बारीक पिनेचा नोकियाचा चार्जर. रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, त्या काळातलं परवान्याचं पुस्तक. चेतक विकून जमाना लोटला, तरी तिचा जादा प्लग. कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा. दोन डबे: एकावर नव्या पेनाने 'किरकोळ', दुसऱ्यावर 'अतिकिरकोळ'.

"हातात घेऊन विचारू का?" काकू म्हणतात.

"अगं, तो संदर्भविभाग आहे. उद्या काही अडलं तर? आणि दिनकर केळकरांनी असंच एकेक जमवलं नसतं तर पुण्यात संग्रहालय झालं असतं का? दिवे, अडकित्ते, दौती. आज लोक तिकीट काढून बघतात!"

"केळकरांनी वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि मुलाचं नाव देऊन सगळ्या सरकारला देऊन टाकल्या. तुम्ही हा चार्जर देऊन बघा सरकारला."

काका एक पाऊल मागे घेतात. रविवारी एका पिशवीत पितळी कुलपं आणि दोन बंद घड्याळं भरून विकायला म्हणून जुन्या बाजारात जातात. दुपारी परततात तेव्हा पिशवी तशीच भरलेली असते आणि काखेत ग्रामोफोनचा कर्णा असतो. ग्रामोफोन नाही, नुसता कर्णा. "स्वस्तात मिळाला," असं ते सांगतात. तो माळ्यावरच्या नुकत्याच मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात चपखल बसतो.

मोकळेकाकांचा उत्कर्ष होतो तो ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्यासपीठावर. विषय 'अपरिग्रह'. काका गांधीजींच्या एकादश व्रतांपासून सुरुवात करतात, गाडगेबाबांच्या खराट्यापर्यंत येतात आणि 'माणसाला लागतं किती?' या प्रश्नावर सभेला अंतर्मुख करतात. टाळ्या होतात. मग संघातर्फे शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन त्यांचा सत्कार होतो. नारळाची बर्फी होते, पण शाल आणि स्मृतिचिन्ह उरतं. व्याख्यान गाजल्यामुळे दुसऱ्या संघाचं बोलावणं येतं, मग तिसऱ्याचं. वर्षअखेर कोंडोबाईंच्या कृपेने रिकामं झालेलं शोकेस अपरिग्रहाच्या स्मृतिचिन्हांनी भरलेलं असतं.

अशाच एका सभेत, प्रश्नोत्तरांच्या वेळी, नारायण पेठेत हयात गेलेल्या एक आजी उठतात. "आमचं घर एका दुपारीत मोकळं झालं होतं. 12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं आणि नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडलो. पुढे कितीतरी दिवस वरण, भात, चहा, सगळं एकाच पातेल्यात. माणसाला किती लागतं ते तेव्हाच कळलं. पण त्यावर व्याख्यान द्यायचं सुचलं नाही बाई कुणाला."

सभा हसते. काकाही हसतात, पण उशिरा.

या सगळ्यात काकूंकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यांची सुती साडी आधी चारचौघांत नेसली जाते, मग घरात, विरली की तिची गोधडी होते. गोधडी फाटली की पायपुसणं आणि शेवटी काकांच्या गाडीवरून फिरणारं फडकं. ते फडकं जेव्हा खरोखर टाकलं जातं, तेव्हा त्यात टाकण्यासारखं काही उरलेलं नसतं. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याकडे जातात. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड एकदाच असतं आणि पुढे अनेक वर्षं मिरच्यांचा ठेचा. गांधीजींचंही तेच होतं, हे काका व्याख्यानात सांगायला विसरतात. आलेली पाकिटं उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत. टाकण्याआधी वस्तू पुरी वापरायची, ही त्यांची रीत होती. काकूंना हे व्रत आहे हे माहीत नाही, त्यामुळे त्यांचा सत्कार होत नाही.

जानेवारी 2023 मध्ये मेरी कोंडोनेच सांगून टाकलं, की तिसऱ्या मुलानंतर घर टापटीप ठेवण्याचा नाद आपण जवळजवळ सोडला आहे. काकूंनी ही बातमी कात्रीने कापून मागच्या बाजूला वाण्याची यादी लिहिली. काकांनी मात्र ते कात्रण मागून घेतलं. सध्या ते संदर्भविभागात आहे.

मोकळेकाका वाईट नाहीत. घरात आहे ते जास्त झालंय, हे त्यांना दिसतं, आणि ते दिसणारी माणसंही आता थोडी राहिली आहेत. चूक एवढीच, की ते माळ्यावर पहारा करतात. सामान येतं उंबऱ्यावरून. माळा उपसून घर मोकळं होत नाही, सामान फक्त शेजाऱ्याच्या माळ्यावर जातं. दारातून आत येणाऱ्या वस्तूला जो अडवतो, आणि आत आलेली वस्तू जो झिजेपर्यंत वापरतो, त्याचं घर आपोआप साधं राहतं. त्याला शिडी लागत नाही.

तेव्हा वाचकहो, फार काही करू नका. या संक्रांतीला प्लॅस्टिकची वाणं देण्याऐवजी तिळाच्या दोन वड्या जास्त द्या. आणि लग्नसराई येतेय, पाकिटात रोख रक्कम घाला. लेमन सेट कृपा करून देऊ नका.